कॉलेज आणि मैदान: पहिलं सत्र कसं आखायचं

कॉलेजच्या पहिल्या पंधरवड्यात खेळाडूच्या हातात दोन कागद पडतात. एक विभागाकडून येतो: तासांचं वेळापत्रक, चाचण्या, प्रकल्प जमा करायच्या तारखा. दुसरा कोचकडून: सरावाच्या वेळा, निवड चाचणी, सामने, दौरे. पहिला वहीत जातो, दुसरा किटबॅगेच्या कप्प्यात. दोघांची गाठ पडते ती थेट सातव्या-आठव्या आठवड्यात, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

माझ्या बाबतीत हेच झालं. मी रसायनशास्त्र शिकत होते आणि ८०० व १५०० मीटर धावत होते. पहिल्याच सत्रात प्रॅक्टिकलची परीक्षा आणि हंगामातली सगळ्यात महत्त्वाची शर्यत एकाच दिवशी आली. मला ते चार दिवस आधी लक्षात आलं. दोन्ही तारखा माझ्याकडे दीड महिना पडून होत्या. सरांनी तारीख बदलायला नकार दिला. तुकड्या पडल्या होत्या, प्रयोगांचं साहित्य लागलं होतं. त्यांच्या हातात काही उरलंच नव्हतं. मी परीक्षा दिली, शर्यत सोडली आणि पुढचा महिनाभर माझं वर्गातही लक्ष लागलं नाही आणि ट्रॅकवरही.

तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे की अभ्यास आणि खेळ यांचा मेळ रोजच्या दिवसात बसवायला जाऊ नये. रोज दोन्हीला सारखा न्याय द्यायचा म्हटलं तर रोज रात्री काहीतरी राहून गेल्याची टोचणी घेऊन झोपावं लागतं. काही दिवस पूर्ण मैदानाचे असतील, काही पूर्ण पुस्तकांचे. मेळ बसवायचा तो सत्रात. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच विचारावर उभ्या आहेत.

पहिली पायरी: दोन कागद एक करा

पहिल्या आठवड्यातली एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवा. अख्खं सत्र एका नजरेत दिसेल असा मोठा कागद घ्या आणि तो भिंतीवर लावा. फोनमधलं कॅलेंडर आठवणीसाठी चांगलं, पण पाचवा आणि नववा आठवडा शेजारी ठेवून बघायला ते उपयोगी पडत नाही.

आधी अभ्यासाच्या तारखा एका रंगात लिहा. चाचण्या, प्रॅक्टिकल, प्रकल्प, तोंडी परीक्षा, सगळं. मग दुसऱ्या रंगात खेळाच्या. इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक नवा खेळाडू करतो. तो फक्त सामन्याचा दिवस लिहितो. बाहेरगावचा सामना म्हणजे जायचा दिवस, सामन्याचा दिवस, यायचा दिवस, आणि आल्यावरचा तो अर्धा दिवस, ज्यात अंग दुखत असतं आणि कपडे धुवायचे असतात. हे साडेतीन दिवस आहेत. साडेतीनच लिहा. स्पर्धा बाद पद्धतीची असेल तर जिंकत गेल्यास लागणारे दिवसही हलक्या रेघेने भरून ठेवा. उपांत्य फेरीत पोचल्यावर आनंदाबरोबर चिंता वाटू नये, एवढ्यासाठी.

आता ज्या सात दिवसांत दोन्ही रंगांचं काहीतरी मोठं आहे, तो आठवडा लाल करा. असे लाल आठवडे सहसा थोडेच निघतात. माझ्या सत्रांत दोन असायचे, एकदा चार आले. सत्रभर डोक्यावर टांगलेली भीती खरं म्हणजे या दोन-चार आठवड्यांची असते, आणि ती कागदावर उतरली की निम्मी कमी होते.

प्रत्येक लाल आठवड्यापासून दोन आठवडे मागे या. त्या आठवड्यात जमा करायचं जे काही आहे, त्याची तुमची स्वतःची तारीख इथे टाका. आधीची तारीख पाळणं अवघड जातं, मान्य. पण प्रकल्पाचा कच्चा मसुदा जरी तोपर्यंत झालेला असला, तरी दौऱ्यावरून आल्यावर कोऱ्या कागदापुढे बसावं लागत नाही.

दुसरी पायरी: तास मोजा, आणि खरे मोजा

आठवड्यात १६८ तास असतात. रोज ८ तास झोप धरली तर ५६ गेले, ११२ उरले. वर्ग आणि प्रॅक्टिकल मिळून २४ धरा, ८८ उरले. कोचच्या कागदावर सराव १५ तासांचा आहे असं समजू. पण मैदानापर्यंत जाणं-येणं, कपडे बदलणं, वॉर्म-अप, बर्फाने शेकणं, आंघोळ, फिजिओकडची फेरी, सामन्याचा व्हिडिओ बघणं हे त्यात धरलेलं नसतं. माझे कागदावरचे १५ तास प्रत्यक्षात २२ निघाले होते. म्हणजे ६६. जेवणखाण, रोजचा प्रवास, घरची-खोलीतली कामं यांना दिवसाला साडेतीन तास दिले तर साधारण ४१ तास हातात राहतात.

कागदावरचे आणि खरे तास यांतला फरक मोठमोठ्या नियमांतही असतो. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हंगामात सक्तीच्या सरावाला दिवसाला ४ आणि आठवड्याला २० तासांची मर्यादा घालते. पण त्या हिशेबात सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी ३ तासांचाच धरला जातो, आणि प्रवास धरलाच जात नाही. तेव्हा कोणी ‘आमच्याकडे फक्त एवढेच तास’ म्हटलं, तर एक आठवडा घड्याळ लावून स्वतः मोजा.

४१ तास पुष्कळ वाटतात. तरीही मुलं मागे पडतात, कारण त्यातले बरेचसे तास दमलेले असतात.

तिसरी पायरी: ताजं डोकं कशाला द्यायचं ते ठरवा

अभ्यासाची कामं दोन ढिगांत वेगळी करा. जड कामं: नवी संकल्पना समजून घेणं, गणितं सोडवणं, निबंध किंवा अहवाल लिहिणं. हलकी कामं: जर्नल पूर्ण करणं, आलेख काढणं, टिपणं नीट लावणं, झालेल्या गोष्टींची उजळणी, ईमेलना उत्तरं.

जोराचा सराव झाल्यावर संध्याकाळी जड काम हातात घेऊ नका. तासभर एकाच पानावर बसून राहाल आणि ‘मला हा विषयच जमत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढाल. विषय जमत असतो, डोकं दमलेलं असतं. जड कामासाठी सरावाआधीची वेळ शोधा. दोन तासांच्या मधला रिकामा तास हा खेळाडूच्या आयुष्यातला सगळ्यात मोलाचा तास आहे आणि तो कट्ट्यावर सगळ्यात सहज जातो. आठवड्यातले असे पाच-सहा तास लायब्ररीला देऊन टाका, कोणत्या तासात काय करायचं हे आदल्या रात्री लिहून ठेवा. मित्रांना रागवू द्या थोडं. विश्रांतीच्या दिवशी मात्र त्यांच्याबरोबर नक्की जा, कारण मित्र तुटले की पुढचं सगळं अवघड होतं.

ब्रिटिश धावपटू रॉजर बॅनिस्टर लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होता तेव्हा जेवणाच्या सुट्टीत जवळच्या ट्रॅकवर जाऊन धावायचा. त्याच्याकडे वेळ थोडा होता, म्हणून सरावही नेमका होता: ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या, प्रत्येकीच्या मध्ये दोन मिनिटं विश्रांती, आणि त्या फेऱ्यांची वेळ महिन्यामागून महिने खाली आणत जाणं. ६ मे १९५४ला सकाळी तो रुग्णालयात हजर होता. मग रेल्वेने ऑक्सफर्डला गेला आणि संध्याकाळी ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत मैल धावला. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिला. आजच्या स्पर्धेला एवढा सराव पुरणार नाही, त्याची नक्कल करू नका. त्याच्याकडून घ्यायचं ते एवढंच की सरावाला जाताना आज नेमकं काय सुधारायचं आहे हे त्याला माहीत असायचं. पुस्तक उघडतानाही हीच सवय लावून घ्या. ‘आज दोन तास अभ्यास’ असं लिहू नका. ‘आज तिसऱ्या प्रकरणातली सहा गणितं’ असं लिहा.

चौथी पायरी: तुकड्यातुकड्यांनी अभ्यास करायला शिका

शाळेत परीक्षेआधी आठ दिवस बसून भागायचं. इथे ते आठ दिवस तुम्हाला मिळणारच नाहीत. सुदैवाने, तुकड्यांत केलेला अभ्यास जास्त टिकतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की एका बैठकीत कोंबण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी स्मरणाला बरी. २००६ मध्ये रोएडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली. धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवत होतं. खेळाडूला ही पद्धत आपलीशी वाटायला हवी. फ्री किकचा व्हिडिओ दहा वेळा बघून फ्री किक येत नाही, हे आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

करायचं असं. ज्या दिवशी वर्ग झाला त्याच दिवशी दहा मिनिटं काढा. वही मिटून, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग वही उघडून राहिलेलं वेगळ्या रंगात भरा. तिसऱ्या दिवशी फक्त तो वेगळा रंग बघा. आठवड्याने पुन्हा एकदा कोरा कागद. हे दमलेल्या संध्याकाळीही जमतं, सरावात आपला नंबर येईपर्यंतही जमतं.

दौऱ्यावर जाताना जाडजूड पुस्तकं नेऊ नका. ती नेल्याचं समाधान मिळतं आणि पिशवी जड होते, बस. प्रश्न-उत्तरांच्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा आणि एकच ठरवलेलं काम बरोबर ठेवा. बसमध्ये वाचलं की मळमळत असेल तर सूत्रं, व्याख्या, आकृत्यांची वर्णनं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ऐका. सामन्याच्या आदल्या रात्री अभ्यास करू नका. मी दोनदा केला, दोन्ही वेळा एकही ओळ डोक्यात राहिली नाही आणि झोप मात्र गेली.

पाचवी पायरी: आधी बोला, लिहून बोला

या पायरीसाठी मी हा लेख लिहायला घेतला. नव्या मुलांना प्राध्यापकांशी बोलायची भीती वाटते. ती दोन प्रकारची असते. ‘खेळतो म्हणजे अभ्यास करत नाही’ असं त्यांना वाटेल ही एक, आणि आपण सवलत मागतोय असं दिसेल ही दुसरी. दोन्हीवर उपाय एकच आहे: लवकर जा, आणि पर्याय सोबत घेऊन जा. सामन्याच्या तीन दिवस आधी आलेला विद्यार्थी अडचण घेऊन येतो. सहा आठवडे आधी आलेला विद्यार्थी नियोजन घेऊन येतो, आणि शिक्षकाला हा फरक दारातच कळतो.

दुसऱ्या आठवड्यात लाल आठवड्यांची यादी घेऊन प्रत्येक प्राध्यापकांना प्रत्यक्ष भेटा. दोन-तीन मिनिटं पुरतात. त्याच संध्याकाळी ईमेल पाठवा, साधारण असा:

‘नमस्कार मॅडम, आज आपण बोललो त्याप्रमाणे तारखा लिहून पाठवत आहे. आठव्या आठवड्यात गुरुवार ते शनिवार मी संघाबरोबर बाहेरगावी असेन. गुरुवारचं प्रॅक्टिकल त्याच आठवड्यात मंगळवारच्या तुकडीबरोबर करता येईल का? प्रकल्प मी निघण्याआधी, सोमवारीच जमा करेन. क्रीडा विभागाचं पत्र सोबत जोडलं आहे. आपल्याला दुसरं काही सोयीचं असेल तर तसं करेन.’

यात गाऱ्हाणं नाही, संघ किती मोठा आहे याचं वर्णनही नाही. तारीख आहे, अडचण आहे, तुम्ही काय करणार ते आहे. आठवडाभर आधी एका ओळीची आठवण पाठवा. आणि आल्यावर आभार मानायला विसरू नका. तेच प्राध्यापक पुढच्या वर्षीही असतात, आणि तुमच्यानंतर येणाऱ्या खेळाडूलाही त्यांच्याकडेच जायचं असतं.

कोचला किंवा संघातल्या सीनियरला तुमच्या वतीने बोलायला पाठवू नका. पत्र विभागाकडून यावं, शब्द तुमचा असावा.

हीच यादी कोचलाही द्या. बहुतेक मुलं प्राध्यापकांना सामन्यांच्या तारखा सांगतात, पण कोचला परीक्षांच्या सांगत नाहीत, कारण बांधिलकी कमी दिसेल असं वाटतं. कोचला मात्र हे कळायलाच हवं. परीक्षेचा ताण शरीरावर सरावाच्या ताणासारखाच साठतो, आणि त्या आठवड्यात सरावाचा भार कमी करायचा तर ते त्याला आधी ठाऊक असावं लागतं.

हजेरीचा नियम मूळ कागदावरून वाचा, सीनियरच्या तोंडून नको. एक बारीक पण महत्त्वाचा भेद असतो: खेळासाठीची गैरहजेरी ‘हजर’ म्हणून मोजतात, की फक्त ‘मान्य रजा’ म्हणून? दुसऱ्या बाबतीत तुमची टक्केवारी घसरतच राहते. पत्र कोणी, किती दिवसांच्या आत द्यायचं, हेही तिथेच असतं.

कधीकधी उत्तर ‘नाही’ येतं. मग वाद घालू नका, निवड करा. सहा आठवडे आधी मिळालेल्या नकाराशी जुळवून घ्यायला वेळ असतो.

सहावी पायरी: झोप कापू नका

वेळ कमी पडला की पहिला घाला झोपेवर पडतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या ११ खेळाडूंना ५ ते ७ आठवडे रोज १० तास अंथरुणात राहायला सांगण्यात आलं. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. धावण्याची सरासरी वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली आणि फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली. गट लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, तरी आपल्याला लागणारी झोप आपण किती कमी धरतो हे त्यातून दिसतं. उलट बाजूने, सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची लक्ष देण्याची क्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असं प्रयोगांत दिसलं आहे. पहाटे पाचला उठून सरावाला गेलेला मुलगा रात्री दहाला अभ्यासाला बसतो, तेव्हा त्याचे ते १७ तास भरलेले असतात.

म्हणून पहाटेचा सराव असेल तर झोपायची वेळ अलीकडे आणा, लवकर झोपा. दुपारी वीस मिनिटांची डुलकी चालेल, दीड-दोन तासांची रोज नको. कॉफीचा अंमल हळू उतरतो. घेतलेल्या कॅफिनपैकी साधारण निम्मं पाच तासांनंतरही अंगात असतं. संध्याकाळच्या सरावाआधीची कॉफी रात्रीच्या झोपेतून वसूल होते.

गोळ्यांबद्दल, थोडक्यात पण कळकळीने

परीक्षेच्या दिवसांत कोणीतरी ‘जागं ठेवणारी’, ‘लक्ष लागणारी’ गोळी देऊ करेल. घेऊ नका. लक्ष केंद्रित करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांतलं मिथाइलफेनिडेट किंवा अँफेटामिन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या म्हणजे वाडाच्या यादीत स्पर्धाकाळात बंदी असलेले पदार्थ आहेत. सर्दीच्या काही साध्या औषधांतलं स्यूडोइफेड्रिनही ठरावीक प्रमाणाबाहेर लघवीत सापडलं तर दोष धरला जातो. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही; शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच असते. डॉक्टरांनी असं औषध खरोखर लिहून दिलं असेल तर ते बंद करू नका. उपचारासाठी वापराची सूट मागायचा रीतसर अर्ज असतो, तो वेळेत करा.

सातवी पायरी: दुखापतीचं सत्र

दुखापत झाली की मुलांना वाटतं आता अभ्यासाला भरपूर वेळ. तसं होत नाही. मन खचलेलं असतं, उपचारांच्या फेऱ्या असतात. तरीही मागे पडलेला एखादा विषय याच काळात ओढून घेता येतो. एकच निवडा, सगळे नको.

डोक्याला मार बसला असेल तर गोष्ट वेगळी आहे. डॉक्टरांना दाखवा. मेंदूला हादरा बसल्यावर पहिले २४ ते ४८ तास आराम आणि स्क्रीन कमी, मग हळूहळू हालचाल आणि वाचन, ही आजची वैद्यकीय दिशा आहे. क्रमही ठरलेला आहे: आधी अभ्यास पूर्ववत, मगच पूर्ण खेळ. वर्गात बसल्यावर डोकं दुखत असेल तर तुम्ही सामन्याला तयार नाही, कोणी काहीही म्हणो. अशा वेळी परीक्षा पुढे ढकलायचं पत्र मागायला लाजू नका.

आठवी पायरी: जमत नसेल तर कधी थांबायचं

सलग तीन आठवडे कामं उशिरा जात आहेत, सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद आहे, झोपूनही थकवा जात नाही, सराव नकोसा झाला आहे. यातलं दोन-तीन एकत्र दिसलं की इच्छाशक्तीवर सोडू नका. कोच, डॉक्टर, प्राध्यापक, कोणाशी तरी बोला. एखादा विषय पुढच्या सत्रावर टाकण्याची सोय असेल तर तिची शेवटची तारीख भिंतीवरच्या कागदावर आधीच लिहिलेली असू द्या.

आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिखरावर असायलाच हव्यात असं नाही. एरिक हायडनने १९८०च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंगची पाचही वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. डॉक्टर तो नंतर झाला, १९९१ मध्ये, आणि मग अस्थिशल्यचिकित्सक. त्याने एकामागून एक घेतलं. उलट हाराल्ड बोरने १९०८च्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या फुटबॉल संघातून रौप्य मिळवलं आणि दोनच वर्षांत गणितातली डॉक्टरेट पूर्ण केली. दोघांचे रस्ते वेगळे. तुमचा कोणता, हे पहिल्या सत्रात ठरवायची घाई नको.

सत्र संपलं की भिंतीवरचा कागद फेकू नका. तुम्ही लाल केलेले आठवडे आणि खरोखर जड गेलेले आठवडे शेजारी ठेवून बघा. कोणत्या विषयाचं काम अंदाजापेक्षा जास्त निघालं, कोणत्या दौऱ्यानंतर सावरायला तीन दिवस लागले, ते त्यावरच लिहा. पुढच्या सत्राचे विषय निवडायला जाताना तो कागद घडी घालून सोबत न्या.